एका गोळीची पूर्वतयारी

मला वाटलं होतं, डॉक्टर गोळी लिहून देतील, मी ती मेडिकलमधून घेईन, पाण्याबरोबर गिळीन आणि विषय संपेल. तापाच्या बाबतीत असंच होतं. पण डॉक्टर विजयश्री मॅडमनी पेनाला टोपण लावलं आणि म्हणाल्या, "ओव्हाळ, गोळी मी आज देणार नाही."

"का?" मी विचारलं. "मी पुरेसा आजारी नाही का?"

प्रश्न अगदी मनापासून होता. चार महिने धड झोप नव्हती. जेवण समोर आलं की ते कुणा दुसऱ्याचं ताट आहे असं वाटायचं. चाकणच्या कंपनीत मी सेफ्टी ऑफिसर. तिथे मी स्वतः लिहून लावलेला 'सावकाश जा, घरी कुणीतरी वाट पाहतंय' हा बोर्ड वाचून गेल्या आठवड्यात पार्किंगमध्ये वीस मिनिटं रडलो होतो. बोर्डाचं मराठीही काही खास नव्हतं. शिवाय कंपनीच्या बसमध्ये सगळे माझ्याबद्दलच कुजबुजतात, असं वाटायला लागलं होतं. एवढी सगळी तयारी करून मी चिखलीहून कासारवाडीपर्यंत आलो होतो. चिखलीतही मनाचे डॉक्टर आहेत. पण त्यांच्या दवाखान्याखाली भेळेची गाडी लागते आणि आमची अर्धी सोसायटी संध्याकाळी तिथेच उभी असते.

"आजारी आहात म्हणूनच थांबायचं," मॅडम म्हणाल्या. "या एका गोळीत दोन औषधं आहेत. एक उदासीसाठी. दुसरं, लोक कुजबुजतात असं वाटतं ना, त्यासाठी. औषध चांगलं आहे, पण दोघांचेही स्वभाव सांभाळावे लागतात. साखर वाढू शकते, वजन वाढू शकतं, एकदम उठलं की चक्कर येऊ शकते. वडिलांना काय होतं?"

"साखर."

"बघा. म्हणजे उपाशीपोटी साखर आणि चरबी तपासायची. ईसीजी काढायचा. डोळ्यांत काचबिंदू, लघवीला त्रास, फिट येणं, असलं काही?"

"नाही."

"पिता?"

"कधीतरी."

"कधीतरी म्हणजे?"

"कंपनीच्या पार्टीत."

"पार्टी कधी असते?"

सेफ्टी ऑफिसर म्हणून मी पंचवीस वर्षं लोकांना असेच प्रश्न विचारत आलोय. समोरच्याला किती राग येत असेल ते त्या दिवशी कळलं.

"आणि एक यादी हवी," मॅडम शेवटी म्हणाल्या. "तुमच्या पोटात जाणारं प्रत्येक औषध. गोळी, चूर्ण, काढा, खोकल्याचं औषध, मित्राने दिलेलं, आजीने दिलेलं, सगळं. शनिवारी घेऊन या. तोवर नवीन काही घ्यायचं नाही."

यादी! मला जरा हुरूप आला. यादी करणं हे माझं क्षेत्र. घरी मी बायकोला, मिनलला, सांगितलं होतं की कासारवाडीला एका व्हेंडरकडे मीटिंग आहे. मीटिंग चांगली झाली, असंही सांगितलं. मग बाथरूमचं दार लावून यादी लिहायला बसलो. गुडघा दुखला की कंपनीच्या फर्स्ट एडच्या पेटीतून घेतो ती गोळी. सर्दीची गोळी. खोकल्याचं लाल औषध, जे खोकला नसतानाही चव बरी म्हणून कधीकधी घेतो. अ‍ॅसिडिटीची पूड. चारच ओळी. मला जरा खट्टू व्हायला झालं. पन्नाशीच्या माणसाची यादी निदान एक पान भरायला हवी.

तपासण्या मात्र चिखलीतल्याच लॅबमध्ये केल्या. रक्त आणि ईसीजी यांत काही लाजण्यासारखं नसतं. काउंटरवरच्या श्रद्धाने माझं नाव टाकलं आणि आनंदाने म्हणाली, "सर, तुम्ही आहात आमच्या सिस्टिममध्ये! रिपोर्ट रजिस्टर नंबरवर येईल."

हा नंबर कुठला, हे विचारायचं मला सुचलं नाही. दोन वर्षांपूर्वी सोसायटीत आरोग्य शिबिर झालं होतं, तेव्हा सगळ्या चाळीस फ्लॅटची नोंदणी आमच्या अध्यक्ष सुमनताईंनी एकट्याने आणि एकाच नंबरवर केली होती. त्यांच्या. नोंदणी आटोपशीर व्हावी म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी कंपनीच्या बसमध्ये असताना सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला: 'बी विंग मधील श्री. नागसेन ओव्हाळ यांच्या हृदयाचा रिपोर्ट आलेला आहे. तरी सर्वांनी त्यांना धीर द्यावा. पाण्याची मोटर आज दुरुस्तीसाठी बंद राहील.'

रिपोर्ट अगदी नॉर्मल होता. तसं त्यावर इंग्रजीत लिहिलंही होतं. पण हृदयाच्या रेघोट्यांचा कागद पाहिल्यावर खालचं कोण वाचतो?

संध्याकाळी घरी आलो तर सोफ्यावर मला बसायला जागा नव्हती. सुमनताई होत्या, समोरच्या फ्लॅटमधल्या सोजराबाई होत्या आणि मधोमध, पाय पसरून, सोपानराव होते. सोपानराव मूळचे इथलेच. आमची सोसायटी ज्या शेतावर उभी आहे ते त्यांच्या चुलत्याचं होतं, त्यामुळे आम्ही सगळे त्यांच्या बांधावर राहतो अशी त्यांची समजूत आहे आणि ती अगदीच चुकीची म्हणता येत नाही.

"बसा साहेब," ते मला माझ्याच घरात म्हणाले. "जिना चढून आला का काय? चढू नगा."

"अहो, लिफ्टने आलो."

"लिफ्टनं बी दाब येतो."

सुमनताईंनी दुधी भोपळ्याचा रस आणला होता. सोजराबाईंनी अर्जुनाच्या सालीचा काढा आणला होता आणि तो पिण्याआधी पूर्वेकडे तोंड करावं असं त्यांचं म्हणणं होतं. पूर्वेला आमचा फ्रिज आहे. दुसऱ्या दिवशी लसणाची चटणी आली, जवसाची पूड आली, कुणाच्या तरी राजगुरुनगरच्या मामांनी कुठलंसं तेल पाठवलं. मी प्रत्येक गोष्ट हसून घेत होतो, आतल्या खोलीत ठेवत होतो आणि तिची नोंद यादीत करत होतो: 'मिळाले, घेतले नाही.' यादी आता दीड पान झाली होती.

यात एक गोष्ट मात्र माझ्या मनाला लागली. हृदयाचा पेशंट म्हणून माझा काय मान वाढला होता! लिफ्टमध्ये लोक मला आधी जाऊ देत. कंपनीच्या बसला आमच्या सोसायटीतले दोघं असतात, तिथेही खिडकीची जागा मिळाली. आणि मी जर खरं सांगितलं असतं, की हृदय शाबूत आहे, बिघडलंय ते मन, तर? तर हेच लोक लिफ्टमधून उतरून जिन्याने गेले असते, असं मला तेव्हा खात्रीने वाटत होतं. म्हणून मी छातीला हात लावून हळूहळू चालायला लागलो. खोटं बोलणं वाईट. पण चालण्यात काय आहे?

तिकडे कंपनीत एचआरमधल्या धनेशपर्यंत बातमी पोचली होती. मलाही त्याच्याकडे काम होतंच. मॅडमनी बजावलं होतं की गोळी सुरू झाल्यावर पहिले काही आठवडे, झोप किती येते ते कळेपर्यंत, गाडी चालवायची नाही आणि चालू मशीनजवळ जायचं नाही. म्हणजे टेबलावरचं काम मागून घ्यायला हवं. त्यासाठी पोर्टलवर अर्ज. अर्जात 'आजाराचे स्वरूप' असा रकाना आणि त्यात पाच पर्याय: हृदय, संसर्ग, अपघात, प्रसूती, इतर.

मी बराच वेळ 'हृदय'कडे पाहिलं. मग 'इतर' निवडलं. पोर्टल म्हणालं, 'इतर' प्रकारच्या अर्जाला सेफ्टी ऑफिसरची मंजुरी लागेल.

"सर, सेफ्टी ऑफिसर तुम्हीच आहात," धनेश म्हणाला.

"मग मी देतो मंजुरी."

"स्वतःच्या अर्जाला नाही देता येत. हा नियम तुमच्याच सूचनेवरून घातलाय, सर. दोन हजार एकोणीसला."

मला आठवलं. त्या सूचनेबद्दल मला प्रशस्तिपत्र मिळालं होतं.

"सर, 'हृदय' टाका ना," धनेश कळवळून म्हणाला. "हृदयाला मंजुरी लागत नाही. लगेच होतं."

"धनेश, हृदय नाहीये," मी म्हणालो आणि पुढचं बोलायच्या आत उठलो. उठताना छातीला हात लावला, सवयीने.

शुक्रवारी मी रजा टाकली. मिनल बँकेत कामाला गेली होती, आई शेजारी गेली होती. दुपारी सोपानराव एकटेच आले. दार लावून घेतलं. बसले नाहीत.

"साहेब, एक इचारू? ती लॅबची पोरगी सांगत व्हती, साखर, चरबी, ईसीजी असं एकदम मागवलंय कासारवाडीच्या बाईंनी. त्या बाई हृदयाच्या न्हाईत."

मी उगाच पंख्याचा वेग वाढवला.

"मला ठाव हाय त्या बाई कशाच्या हायेत," ते म्हणाले आणि मग बसले. "म्या पाच वर्सं जातोय त्यांच्याकडं."

सोपानराव! ज्यांच्या आवाजाने पार्किंगमधली कबुतरं उडतात ते सोपानराव!

"मंडळी गेली तवाची गोष्ट," ते जमिनीकडे बघत सांगू लागले. "झोप न्हाई, भूक न्हाई. डॉक्टरकडं जायाची लाज. माझ्या साडूला मनाचीच एक डबल औषधाची गोळी व्हती, त्याच्या उरल्या व्हत्या. म्हणला, घे, लई भारी हाय. म्या घेतली. बीपीची गोळी चालूच व्हती, ते ना त्यानं इचारलं ना म्या सांगितलं. सकाळी खाटेवरनं उठलो तो थेट फरशीवर. हे हाड मोडलं." त्यांनी गळ्याजवळ बोट लावलं.

"पण तुम्ही तर साबणावरून घसरला होता."

"साबण बिचारा कवा बोलतोय?"

मला हसू आलं. कित्येक दिवसांनी आलं असावं, कारण ते खोकल्यासारखं बाहेर पडलं.

"म्हणून सांगाया आलो," सोपानराव उठले. "सगळी सोसायटी तुमाला सल्ले देतीया, म्या बी दिले. ते सोडा. बाई सगळ्यांकडनं औषधांचा कागूद मागत्यात, त्यो पुरा करा. एक बी गोष्ट लपवू नगा. आन् मिनलताईला सांगा. एकट्यानं न्हाई व्हत हे. म्या करून बघितलंय."

संध्याकाळी मिनल आल्यावर मी यादी जेवणाच्या टेबलावर ठेवली. आई भाजी निवडत बसली होती.

"मिनल," मी म्हणालो, "माझं हृदय ठीक आहे. मन ठीक नाही. कासारवाडीला मीटिंग नव्हती, डॉक्टर होत्या."

माझी अपेक्षा होती की ती दचकेल. तिने पर्स खुंटीला अडकवली आणि म्हणाली, "मला माहितीये."

"काय माहितीये?"

"चार महिने झाले, अहो. मी त्याच पलंगावर झोपते ना? तुम्ही छताकडे बघत असता, मी तुमच्याकडे बघत असते." मग तिने यादी वाचली, दोनदा वाचली आणि तिचा चेहरा उतरला. "यात एक राहिलंय."

"काय?"

"माझ्या बहिणीने परदेशातून कॅप्सूल आणल्या होत्या. झाडपाल्याच्या. तिकडे म्हणे उदास वाटलं की घेतात, चिठ्ठी लागत नाही. तुम्ही डॉक्टरकडे जाणार नाही, हे मला ठाऊक होतं. म्हणून…" ती थांबली. "रोज एक फोडून तुमच्या शिकरणीत घालते. महिना झाला."

महिनाभर मी शिकरण कडू लागते म्हणून केळीवाल्याला शिव्या देत होतो.

तेवढ्यात आईने विळी बाजूला सारली. माझी आई, सरूबाई, मूळची जालन्याकडची. पिंपरीत येऊन तिला चाळीस वर्षं झाली, पण तिची भाषा अजून तिकडेच राहते.

"नागू," ती म्हणाली, "माझंबी लिही."

"तुझं काय, आई?"

"सकाळी च्यात घालते म्या. ब्राह्मी हाय, आसगंध हाय, अजून कायबाय हाय. त्या बाजारातल्या बाईनं दिलं. लेकराचं तोंड सुकलंय म्हनलं, तिनं पुडी बांधून दिली."

"'कायबाय' म्हणजे काय?"

"ते तिला इचारावं लागन."

मी यादीत लिहिलं: 'कायबाय – दररोज सकाळी, दीड चमचा.' पंचवीस वर्षांत इतकी प्रामाणिक नोंद मी केली नव्हती. मी एकटाच गुपचूप आजारी आहे असं समजत होतो, आणि या दोघी मला गुपचूप बरं करत होत्या. आणि एकमेकींनाही पत्ता लागू दिला नव्हता. सेफ्टीच्या दृष्टीने हे घर म्हणजे भयंकर होतं.

शनिवारी कासारवाडीला आम्ही तिघं गेलो. मॅडमनी यादी वाचली. दुधी आणि लसणापाशी त्या हसल्या, मिनलच्या कॅप्सूलपाशी त्यांचं हसू गेलं.

"ही कॅप्सूल आणि माझी गोळी एकत्र पोटात गेली असती, तर ताप, घाम, अंगाला थरथर, डोक्यात गोंधळ, कदाचित हॉस्पिटल. त्या दिवशी गोळी दिली नाही ती याचसाठी. कॅप्सूल आजपासून बंद. दोन आठवडे थांबायचं, मग गोळी. पुडीही बंद, त्यातलं कायबाय मलाही ठाऊक नाही. गुडघ्याची गोळी परस्पर घ्यायची नाही, या औषधाबरोबर पोटात रक्तस्राव होऊ शकतो. खोकल्याचं लाल औषध चवीसाठी घेता, असं खरंच लिहिलंय का?"

"हो."

"तेही बंद." मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "लोक तुमच्याबद्दल बोलतात, असं अजून वाटतं?"

"वाटत नाही, मॅडम. बोलतात. ग्रुपवर आहे, दाखवू?"

मॅडमनी ग्रुप पाहिला. मोटर दुरुस्तीची सूचनाही वाचली. मग त्यांनी मिनलला आणि आईला बाहेर बसायला सांगितलं आणि आवाज न बदलता विचारलं, "जगू नये असं वाटतं का कधी? मागच्या वेळी तुम्ही नाही म्हणालात. फार चटकन म्हणालात."

खिडकीबाहेर लोणावळ्याकडची गाडी जात होती. ती पूर्ण जाईपर्यंत मी थांबलो.

"वाटलं होतं," मी म्हणालो. "दोनदा. मागच्या महिन्यात."

"सांगितलंत, बरं केलंत. असं औषध सुरू करताना हे माहीत असणं ईसीजीपेक्षा महत्त्वाचं. मिनलताईंना तुम्ही सांगाल की मी?"

मीच सांगितलं. मिनल आत येऊन माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली होती. तिने ऐकलं. मग म्हणाली, "आणि मी तुमच्याशी भेंडीवरून भांडत होते." आणि तिने माझा हात इतका घट्ट धरला की बीपी त्या हाताचं घेता येईना, मॅडमना दुसऱ्या हाताचं घ्यावं लागलं. बसून घेतलं, उभं राहून घेतलं. ते दोन आठवडे मी एकटं राहायचं नाही, दर तीन दिवसांनी मॅडमना भेटायचं, आणि पुन्हा तसं वाटलं तर वेळ-काळ न बघता फोन करायचा, असं ठरलं. नंबर मिनलने घेतला, आईनेही कागदावर लिहून घेतला आणि कंबरेला खोचला.

सोमवारी मी धनेशला खरं काय ते सांगितलं. वाटलं, तो खुर्ची मागे घेईल. त्याने खुर्ची पुढे घेतली, म्हणाला, "सर, माझ्या आईची ट्रीटमेंट चालू आहे," आणि प्लँट हेडसाहेबांची सही आणून 'इतर' मंजूर करून टाकलं.

दोन आठवड्यांनी पहिली गोळी घेतली. जेवण झाल्यावर, आई, मिनल आणि खास बोलावलेले सोपानराव यांच्या साक्षीने. गोळी गिळून पाच मिनिटं झाली असतील, आई म्हणाली, "काय वाटतंय?"

"काही नाही."

"मंग बदलून आना."

मॅडमनी सांगितलं होतं, फरक पडायला काही आठवडे जातील, आणि बरं वाटलं तरी मनाने बंद करायची नाही. पहिले काही दिवस मी पेंगत होतो. उठताना आधी पलंगाच्या कडेला बसायचो, मग उभा राहायचो; सोपानराव खालून ओरडून आठवण करायचे. तोंड कोरडं पडायचं. वजन थोडं वाढलं, मॅडमनी ते लगेच पकडलं आणि रोज चालायला लावलं. मग एके दिवशी जेवताना माझ्या लक्षात आलं की भाजीत मीठ कमी आहे. गेल्या चार महिन्यांत कमी नसेल असं नाही, पण मला कळलं नव्हतं.

आणि पाचव्या आठवड्यातल्या रविवारी सकाळी मी चालायला म्हणून खाली उतरलो, तर पार्किंगमधल्या माझ्या ठरलेल्या जागेवर सोपानरावांनी आपली स्कूटर आडवी लावली होती. मी म्हणालो, काढा. ते म्हणाले, ही जमीन कुणाची? मी म्हणालो, सातबारा दाखवा. ते म्हणाले, तुमी पार्किंगची पावती दाखवा. मग आम्ही दोघं जे सुरू झालो ते अर्धा तास. सेफ्टीच्या नियमांपासून त्यांच्या चुलत्यापर्यंत मी काहीही शिल्लक ठेवलं नाही. सुमनताई गॅलरीत आल्या, सोजराबाई खाली आल्या, कबुतरं उडाली.

तावातावाने वर आलो. मिनल दारातच उभी होती. तिचे डोळे भरले होते.

"काय झालं?" मी घाबरलो.

"काही नाही," ती पदराने डोळे पुसत म्हणाली. "किती महिन्यांनी भांडलात हो."

मी दोन मिनिटं सोफ्यावर बसलो. पाणी प्यायलो. आणि एकदम लक्षात आलं की व्हिजिटर पार्किंगचा मुद्दा काढायचा राहूनच गेला.

चपला घातल्या आणि मी पुन्हा खाली गेलो.